जिवंत नमुन्यांची झटपट रासायनिक तपासणी: खुल्या हवेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुल्या हवेतली मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे नेमकं काय?

नमुना न दळता, न गाळता, निर्वात पोकळीत न ठेवता, आहे तसाच यंत्राच्या तोंडाशी धरायचा आणि त्यातले रेणू ओळखायचे. पान झाडावरच असतं, बोट हातालाच असतं, ऊती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच असते. त्यांच्या पृष्ठभागावरून थोडेसे रेणू उचलून त्यांना विद्युतभार दिला जातो, म्हणजे त्यांचे आयन केले जातात, आणि मग ते यंत्रात ओढले जातात. काही सेकंदांत स्क्रीनवर वर्णपट उमटतो, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे किती आयन आले याचा शिखरांचा आलेख.

हे शक्य झालं ते गेल्या वीसेक वर्षांत. त्याआधी मास स्पेक्ट्रोमेट्री म्हटलं की नमुन्याची तयारी हेच अर्ध्याहून जास्त काम असे.

मास स्पेक्ट्रोमीटर नक्की मोजतो काय?

आयनाचं वस्तुमान भागिले त्याचा विद्युतभार. बस, एवढंच. यंत्राला रेणूचं नाव कळत नाही, रंग कळत नाही, तो कुठून आला हेही कळत नाही.

पण हा एक आकडा पुरेसा बारीक मोजता आला तर त्यातून खूप काही निघतं. नायट्रोजनचा रेणू, कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आणि एथिलीनचा रेणू, तिघांचंही वस्तुमान ढोबळ मानाने २८. नीट मोजलं तर नायट्रोजन २८.००६, कार्बन मोनॉक्साइड २७.९९५ आणि एथिलीन २८.०३१. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत रेणूचं सूत्र दडलेलं असतं. आणखी खात्री हवी असेल तर तो आयन यंत्राच्या आत फोडायचा आणि तुकड्यांची वस्तुमानं बघायची. दोन रेणूंचं वस्तुमान सारखं असलं तरी ते बहुधा वेगवेगळ्या जागी तुटतात.

नमुना हवेत आणि यंत्र निर्वातात, हे जमतं कसं?

यंत्राच्या तोंडाशी एक बारीक तापवलेली नळी असते, आतून साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. बाहेरची हवा तिच्यातून आत शिरते आणि सोबत आयनही खेचले जातात. पुढे टप्प्याटप्प्याने बसवलेले पंप ती हवा बाहेर फेकत राहतात. शेवटच्या कक्षात पोहोचेपर्यंत दाब बाहेरच्या हवेच्या दहा कोटीव्या भागाइतका किंवा त्याहून कमी झालेला असतो.

या प्रवासात बहुतेक आयन वाटेतच हरवतात. जे थोडे पोहोचतात तेवढ्यावर भागतं, कारण आजचे डिटेक्टर तितके संवेदनशील आहेत.

एवढी घाई कशाला? नमुना गोठवून नंतर सावकाश तपासला तर?

पुष्कळदा चालतं, आणि जिथे चालतं तिथे तेच करावं. पण जिवंत पेशीत रसायनं स्थिर बसलेली नसतात. एन्झाइम सतत एका रेणूचा दुसरा करत असतात. पेशी फुटली की एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकत्र येतात आणि जे आधी नव्हतंच ते तयार होतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कांदा. अख्ख्या कांद्यात डोळ्यांत पाणी आणणारं रसायन नसतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, एक एन्झाइम गंधकयुक्त अमिनो आम्लावर तुटून पडतं, दुसरं एन्झाइम पुढची पायरी उरकतं आणि थायोप्रोपॅनाल-एस-ऑक्साइड नावाचा उडून जाणारा पदार्थ हवेत सुटतो. तो टिकाऊ नाही. रस काढून, द्रावकात मिसळून, यंत्रात ठेवेपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालेलं असतं. डार्ट या पद्धतीत (ती तापवलेल्या हेलियमच्या झोतावर चालते, तपशील पुढे) कापलेला तुकडा यंत्रासमोर धरला की ९१ च्या आसपास त्याचं शिखर चटकन उभं राहतं. जे घडतंय ते घडताना पाहता येतं, आणि या सगळ्या विषयाचं मोल मला तरी यातच दिसतं. वेळ वाचतो हा फायदा आहेच, पण खरा फायदा हा की काही प्रश्न फक्त त्याच क्षणी विचारता येतात.

'जिवंत नमुना' यात काय काय येतं?

झाडाचं पान, मूळ, फळाची साल. जिवाणूंची वाढती वसाहत. एकेकटी पेशी. माणसाची त्वचा, लाळ, श्वास. शस्त्रक्रियेत उघडलेली ऊती. आणि अख्खे छोटे प्राणीही.

फळमाशीचा प्रयोग मला फार आवडतो. जोआन यू, रॉबर्ट कोडी आणि एडवर्ड क्रॅव्हिट्झ यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. माश्यांच्या अंगावर हायड्रोकार्बनचा पातळ थर असतो आणि नर-मादी एकमेकांना ओळखतात ते बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. तो तपासायचा तर पूर्वी माशी द्रावकात बुडवावी लागे, म्हणजे ती मरे. या प्रयोगात जागी, हालचाल करणारी माशी धरून तिच्या पोटावर एक बारीक सळई हलकेच फिरवली गेली आणि ती सळई डार्टच्या झोतात धरली गेली. माशी पुन्हा मोकळी. त्यामुळे तीच माशी प्रणयाआधी आणि प्रणयानंतर तपासता आली. मेलेल्या माशीला 'आधी' आणि 'नंतर' नसतं.

डेसी कसं चालतं?

डेसी हे या सगळ्या कुटुंबातलं पहिलं ठळक नाव. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २००४ मध्ये ते मांडलं, त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक झोल्तान ताकात्स. इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे भारित थेंबांच्या फवाऱ्यातून आयन बनवण्याची पद्धत, त्याआधीपासून होता आणि त्यासाठी जॉन फेन यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये नमुना आधी द्रावकात विरघळवावा लागतो. कुक्स यांच्या गटाने फवारा नुसत्या द्रावकाचा ठेवला आणि तो नमुन्यावर मारला.

प्रत्यक्षात असं होतं. बारीक नळीतून मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण मिनिटाला काही मायक्रोलिटर या वेगाने येतं. त्याला काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो आणि भोवतीने नायट्रोजन जोरात वाहत असतो. भारित सूक्ष्म थेंब तिरक्या कोनातून पृष्ठभागावर आदळतात. पहिल्या थेंबांनी तिथे द्रावकाचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि नमुन्यातले रेणू त्यात विरघळतात. मागून येणारे थेंब त्या पापुद्र्यावर आपटले की त्यातून आणखी बारीक थेंब उडतात आणि ते विरघळलेले रेणू घेऊन यंत्राच्या तोंडाकडे जातात. वाटेत द्रावक उडून जातो, आयन उरतो.

हे सगळं सलग चालू असतं, त्यामुळे नमुना फवाऱ्याखाली आला की वर्णपट बदलतो आणि काढला की जातो. पहिल्याच शोधनिबंधात लोराटाडिन हे ॲलर्जीवरचं औषध घेतलेल्या माणसाच्या बोटाच्या त्वचेवर ते औषध दिसल्याचं दाखवलं होतं. गोळी पोटात गेली होती, पण तिचा माग बोटावर सापडला.

नळीचा कोन, पृष्ठभागापासूनचं अंतर, वायूचा दाब, या सगळ्यांवर निकाल ठरतो. अंतर एखाद्या मिलिमीटरने बदललं तरी संकेत निम्म्यावर येऊ शकतो. नव्याने शिकणाऱ्याचा सुरुवातीचा बराच वेळ या मांडणीतच जातो आणि तो वाया गेला असं मानू नये.

आणि डार्ट?

डार्टमध्ये द्रव नाही. रॉबर्ट कोडी आणि जेम्स लॅरामी यांनी ते विकसित केलं, प्रसिद्धी २००५ ची. हेलियम वायूत विद्युत विसर्ग घडवून त्याचे उत्तेजित अणू तयार करतात. त्या प्रत्येकात १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा साठलेली असते. हवेतल्या पाण्याच्या वाफेचं आयन करायला १२.६ पुरतात. त्यामुळे हेलियम आधी हवेतल्या पाण्याला भारित करतं आणि पाणी आपला प्रोटॉन नमुन्यातल्या रेणूला देतं.

वायू सहसा तापवलेला असतो, शंभर ते चारशे अंश सेल्सिअसपर्यंत. म्हणूनच वर माशी थेट झोतात धरली नव्हती, सळई धरली होती. उडून जाणाऱ्या आणि मध्यम आकाराच्या रेणूंसाठी डार्ट उत्तम. मोठी प्रथिनं त्यात दिसत नाहीत.

बाकी इतक्या पद्धती कशासाठी?

कारण नमुने वेगळे, प्रश्न वेगळे. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही, जिवंत नमुन्यांच्या कामी येणाऱ्या काही सांगतो.

जिवंत ऊतीत पाणी भरपूर असतं, आणि २.९४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाणी झपाट्याने शोषतं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर नेमेश आणि आकोश वर्तेश यांनी २००७ मध्ये याचाच उपयोग केला. लेझरचा ठोका बसला की त्या बिंदूवरचं पाणी स्फोटासारखं उसळतं आणि वर उडालेल्या कणांना इलेक्ट्रोस्प्रेचा फवारा पकडतो. वेगळं रसायन लावावं लागत नाही, पेशीतलं पाणीच कामाला येतं. या पद्धतीचं नाव लेसी. एकाच जागी पुन्हापुन्हा ठोके दिले तर पानाच्या वरच्या थरापासून आत आत जाता येतं.

जपानमधल्या यामानाशी विद्यापीठात केन्झो हिराओका यांनी अतिसूक्ष्म टोकाची सुई वापरली. सुई ऊतीत टोचायची, वर उचलायची, तिला उच्च व्होल्ट द्यायचा. टोकाला चिकटलेल्या कणभर द्रवातूनच फवारा सुटतो. हिरोशिमात त्सुतोमु मासुजिमा यांच्या गटाने तर सूक्ष्मदर्शकाखाली बघत बघत एकाच पेशीतला द्रव काही मायक्रोमीटर रुंदीच्या नळीत ओढून थेट यंत्राला दिला.

जिवाणूंच्या वसाहतीसाठी नॅनो-डेसी सोयीची. त्यात दोन केशनळ्यांच्या मध्ये द्रावकाचा एक इवलासा पूल असतो, तो वसाहतीला टेकतो, रेणू विरघळवून घेतो आणि पुढे नेतो. वसाहत वाढतच राहते. दोन जातींचे जिवाणू शेजारी वाढवले तर मधल्या पट्ट्यात ते एकमेकांवर कोणती रसायनं सोडतात तेही बघता येतं.

वनस्पतींसाठी याहून सोपं काही मला माहीत नाही: पानाचा टोकदार तुकडा कापायचा, गरज पडली तर द्रावकाचा थेंब टाकायचा आणि पानालाच व्होल्ट द्यायचा. टोकातून पानाच्या रसाचा फवारा सुटतो. कुक्स आणि झेंग ओयांग यांच्या गटांचं हे २०११ चं काम.

माणसाला किंवा प्राण्याला यातून इजा होते का?

पद्धतीवर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न दरवेळी विचारलाच पाहिजे.

साध्या पाण्याचा थेंब टेकवणाऱ्या पद्धती सर्वांत सौम्य. त्वचेवर हलकेच फिरवलेला बोळा किंवा सळई नंतर यंत्रासमोर धरणंही निर्धोक. कमी तापमानाचा प्लाझ्मा, म्हणजे भारित वायू, बोटावर सोडता येतो, तो साधारण शरीराइतकाच गरम असतो. डेसीचा फवारा मात्र जिवंत त्वचेवर थेट मारताना विचार करावा लागतो. त्यात काही हजार व्होल्ट असतात, विद्युतप्रवाह फार थोडा असला तरी, आणि मिथेनॉल विषारी आहे. अशा वेळी द्रावक म्हणून पाणी आणि इथेनॉल वापरतात. लेझर एकेका ठोक्याला थोड्या पेशी नष्ट करतो. शस्त्रक्रियेतला विद्युत चाकू (त्याच्या धुराची तपासणी पुढे येते) तर कापण्यासाठीच असतो, तिथे वेगळी इजा होत नाही कारण कापणं आधीच ठरलेलं असतं.

माणसांवर काही करायचं तर नीती समितीची परवानगी आणि त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. 'नुसतं बोट तर धरायचंय' हे कारण चालत नाही. बोटावरून माणूस कोणतं औषध घेतो हे कळू शकतं, आणि ती त्याची खासगी गोष्ट आहे.

श्वासावरून काय कळतं?

बरंच काही. लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये श्वासात साधारण अडीचशे पदार्थ असल्याचं दाखवलं, तेव्हा साधन होतं गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ आधी वेगळे करून मग मोजण्याची पद्धत. आता माणूस नळीत फुंकतो आणि त्याच वेळी आकडे दिसू लागतात.

यासाठी वापरात असलेली एक पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेच्या फवाऱ्यावर श्वास सोडणं. झुरिकमध्ये रेनाटो झेनोबी यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केलं आहे. दुसरी, इन्सब्रुकमध्ये वेर्नर लिंडिंगर यांनी पुढे आणलेली, प्रोटॉन हस्तांतरणाची. तिचं सौंदर्य साधेपणात आहे. प्रोटॉन मिळालेलं पाणी ज्या रेणूला भेटतं त्याची प्रोटॉनची ओढ पाण्यापेक्षा जास्त असेल तरच प्रोटॉन देतं. नायट्रोजन, ऑक्सिजन, अरगॉन यांची ओढ कमी, म्हणून श्वासाचा जवळजवळ सगळा भाग यंत्राला अदृश्य राहतो. ॲसिटोन, आयसोप्रीन, अमोनिया मात्र दिसतात. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि ५९ वरचं ॲसिटोनचं शिखर उंचावतं. भूल देण्याचं प्रोपोफॉल हे औषधही श्वासात मोजता येतं.

अडचण अशी की श्वास म्हणजे फक्त फुप्फुसातली हवा नव्हे. तोंडातले जिवाणू, आधी खाल्लेलं काही, खोलीतली हवा, सगळं त्यात मिसळतं. फुंकण्याचा जोर आणि श्वासाचा कोणता भाग घेतला यानेही आकडा बदलतो. म्हणून एका फुंकरीवरून रोगाचं निदान सांगणाऱ्या दाव्यांकडे सावधपणे बघा. त्याच माणसाचा काल आणि आज यांतला फरक मोजणं हे श्वासाचं खरं बळ.

शस्त्रक्रिया चालू असताना कर्करोग ओळखता येतो म्हणतात, ते कसं?

गाठ काढताना सर्जनपुढे एकच मोठा प्रश्न असतो: कुठे थांबायचं? कमी काढलं तर रोग उरतो, जास्त काढलं तर निरोगी भाग जातो, आणि मेंदूत तर तो भाग बोलण्याचा किंवा हालचालीचा असू शकतो. आज यासाठी ऊतीचा तुकडा गोठवून, काप काढून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात अर्धा तास किंवा जास्त जातो आणि रुग्ण तोवर भुलेखाली असतो.

ताकात्स पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये गेले. विद्युत चाकूने ऊती कापताना धूर निघतो, आणि शस्त्रक्रियागृहात तो एरवी शोषून टाकून दिला जातो. त्यांनी तो मास स्पेक्ट्रोमीटरकडे वळवला. या धुरात पेशींच्या आवरणातले फॉस्फोलिपिड असतात, आणि कर्करोगाच्या पेशींमध्ये त्यांचं प्रमाण निरोगी पेशींपेक्षा वेगळं असतं. ३०२ रुग्णांच्या ऊतींवरून संदर्भसाठा तयार केला गेला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तर काही सेकंदांत येतं. हाच 'आयनाइफ'.

टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटात लिव्हिया एबर्लिन यांनी २०१७ मध्ये पेन आणला. पायाखालची कळ दाबली की पेनच्या टोकाशी दहा मायक्रोलिटर पाण्याचा थेंब येतो, तीन सेकंद ऊतीला टेकून राहतो आणि नळीतून यंत्राकडे ओढला जातो. ऊती न जळता, न कापता. स्तन, फुप्फुस, थायरॉइड आणि अंडाशय यांच्या २५३ नमुन्यांवर ९६ टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळाली.

मेंदूच्या ग्लायोमा नावाच्या काही गाठींमध्ये तर गोष्ट आणखी स्पष्ट आहे. त्यांत आयडीएच नावाच्या जनुकात बिघाड झालेला असतो आणि त्यामुळे पेशीत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट साठत जातं. निरोगी मेंदूत ते नगण्य. म्हणजे शेकडो शिखरांचा आलेख पारखत बसायला नको, ऋण आयनांमध्ये १४७ वर शिखर आहे की नाही एवढंच बघायचं. बॉस्टनमधल्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात डेसी वापरून शस्त्रक्रियेच्या वेळातच हे मोजता येतं असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

९६ टक्के म्हणजे जवळजवळ खात्रीच ना?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. समजा हजार बिंदू तपासले आणि त्यातले फक्त २० कर्करोगाचे आहेत. रोगी बिंदू पकडण्यात यंत्र ९६ टक्के अचूक आहे आणि निरोगी बिंदू सोडून देण्यातही ९६ टक्के. मग २० पैकी १९ सापडतील. पण ९८० निरोगी बिंदूंपैकी सुमारे ३९ बिंदूंवरही यंत्र 'कर्करोग' म्हणेल. एकूण ५८ इशाऱ्यांपैकी खरे १९, म्हणजे तिनात एक. यंत्र तेच, अचूकता तीच, फक्त रोगाचं प्रमाण कमी.

दुसरी गोष्ट मला जास्त डाचते. एका रुग्णाच्या ऊतीवरून शंभर वर्णपट घेतले, त्यातले काही संगणकाला शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर परीक्षा सोपी होते, कारण संगणक तो रुग्ण आधीच ओळखतो. शिकवायचे रुग्ण आणि परीक्षेचे रुग्ण पूर्ण वेगळे हवेत. शक्य झालं तर रुग्णालय आणि यंत्रही वेगळं हवं. कोणताही शोधनिबंध वाचताना आधी हे शोधा, टक्केवारी नंतर.

एखादा पदार्थ 'किती' आहे हे सांगता येतं का?

येतं, पण फुकट नाही. शिखराची उंची थेट प्रमाण सांगत नाही, कारण आयन किती बनतात हे आजूबाजूच्या इतर रेणूंवर ठरतं. उपाय जुना आणि भरवशाचा आहे: त्याच रेणूची जड प्रत, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेली, ठराविक मात्रेत मिसळायची. दोघांवर सारखाच परिणाम होतो, म्हणून त्यांचं गुणोत्तर टिकतं.

रक्तासाठी हे पेपर स्प्रेमध्ये छान जमतं. त्रिकोणी कागदावर रक्ताचा थेंब, त्यावर द्रावक, कागदाला तीन ते पाच हजार व्होल्ट, आणि टोकातून फवारा. जड प्रत आधीच कागदावर किंवा द्रावकात असते. झाडावरच्या जिवंत पानात मात्र ती एकसारखी मिसळणार कशी? म्हणून तिथे 'वाढलं की घटलं' इतकंच बोलणं योग्य.

काही रेणू दिसतच नाहीत, का?

बहुधा मिठामुळे. जिवंत ऊतीत सोडियम आणि पोटॅशियम खूप. एकच फॉस्फोलिपिड, पीसी ३४:१, प्रोटॉनसोबत ७६०.५९ वर, सोडियमसोबत ७८२.५७ वर आणि पोटॅशियमसोबत ७९८.५४ वर दिसतं. एका रेणूचा संकेत तीन ठिकाणी विभागला जातो आणि नवखा माणूस तीन वेगळे पदार्थ मोजतो. शिवाय सहज भारित होणारे रेणू संख्येने जास्त असले की बाकीच्यांच्या वाट्याला भार उरत नाही. शिखर दिसलं नाही म्हणजे पदार्थ नाही, असं कधीच लिहू नका.

सारख्याच वस्तुमानाचे रेणू वेगळे कसे करायचे?

ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, तिघांचं सूत्र एकच. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचंही तेच. इथे नुसतं वस्तुमान हात टेकतं. आयन फोडून बघणं, किंवा आयन मोबिलिटी, म्हणजे वायूतून जाताना आकारानुसार कोण मागे पडतं ते बघणं, याने काही जोड्या सुटतात. ज्या सुटत नाहीत त्यांच्यासाठी क्रोमॅटोग्राफीकडे जावं.

मग क्रोमॅटोग्राफीची गरज संपली नाही तर?

मुळीच नाही. खुल्या हवेतल्या पद्धतींचा वेग येतो तो रेणू वेगळे करण्याची पायरी गाळल्यामुळे, आणि त्यांच्या बहुतेक मर्यादाही त्याच गाळलेल्या पायरीतून येतात. न्यायालयात किंवा औषधाच्या मात्रेचा निर्णय घेताना अजूनही वेगळे करून मोजलेला आकडाच धरावा. झटपट तपासणीने शंभरातले पाच संशयित नमुने वेचायचे आणि ते पाच सावकाश तपासायचे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

आसपासच्या हवेचा निकालावर परिणाम होतो का?

होतो, भरपूर. सगळं उघड्यावर चालतं, त्यामुळे खोलीत जे आहे ते वर्णपटात येतं. ३९१.२८ वर शिखर दिसलं तर ते बहुधा प्लॅस्टिक मऊ ठेवणारं थॅलेट असतं. ३७१.१० आणि ४४५.१२ वरची शिखरं सिलोक्सेनची, जी सौंदर्यप्रसाधनांतून आणि सिलिकॉनच्या भागांतून येतात. कुणी हाताला क्रीम लावून आलं तरी कळतं. हवेतला ओलावा बदलला की डार्टचा संकेत बदलतो. म्हणून नमुन्याआधी आणि नमुन्यानंतर कोरं वाचन, म्हणजे नमुना नसतानाचं, घ्या, आणि तापमान, आर्द्रता वहीत लिहून ठेवा.

नुसते बिंदू नाही, पूर्ण चित्र मिळतं का?

मिळतं. नमुना फवाऱ्याखाली ओळीओळीने सरकवायचा आणि प्रत्येक जागेचा वर्णपट साठवायचा. मग हव्या त्या शिखराचा नकाशा काढता येतो. डेसीत एक ठिपका साधारण दोनशे मायक्रोमीटरचा असे, आता सुधारित नळ्यांनी तो पन्नासच्या खाली आला आहे. पण चित्राला वेळ लागतो, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. तोवर जिवंत नमुना बदलतो, म्हणून अशी चित्रं बहुतेक गोठवलेल्या कापांची असतात.

यंत्र उचलून नमुन्यापर्यंत नेता येईल का?

काही प्रमाणात. पर्ड्यूमध्ये २००६ मध्येच सुमारे दहा किलोचं आणि ७० वॅटवर चालणारं यंत्र बनवलं गेलं होतं. अवघड भाग पंपांचा आहे: पंप लहान केले की निर्वात राखणं कठीण. म्हणून अशा यंत्रांत हवेचं तोंड सतत उघडं न ठेवता क्षणभर उघडून लगेच बंद करतात. बारकाई मोठ्या यंत्राइतकी नसते. एखादं ठराविक कीटकनाशक किंवा औषध आहे का, एवढ्या प्रश्नाला ती पुरते.

सुरुवात करायची तर कशापासून?

जिवंत नमुन्यापासून नको. आधी ओळखीचा एकच पदार्थ काचपट्टीवर वाळवून घ्या. कॅफिन चालेल, त्याचं प्रोटॉन घेतलेलं शिखर १९५.०९ वर येतं. ते रोज त्याच जागी आणि साधारण त्याच उंचीचं मिळेपर्यंत मांडणी जमवा. मग तोच पदार्थ ठराविक मात्रेत पानावर टाका आणि उंची किती खाली येते ते बघा. तुमच्या नमुन्यातलं मीठ आणि मेण संकेत किती दाबतात हे त्यावरून कळेल. त्यानंतर पानाच्या स्वतःच्या रेणूंकडे वळा, आणि तिथेही प्रश्न हो-नाही स्वरूपाचा ठेवा: जखम केलेल्या पानात हा रेणू वाढतो का? एकाच झाडाची जखम केलेली आणि न केलेली पानं आलटून पालटून तपासा. सगळी एका प्रकारची सकाळी आणि दुसऱ्या प्रकारची दुपारी तपासली, तर दिसणारा फरक पानांचा की यंत्राचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.